खरं सांगा, नाहीतर भोगा

गावाचं नावच तसं : ट्रूथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस.
न्यू मेक्सिकोच्या उन्हात मी त्याचं मराठी केलं,
खरं सांगा, नाहीतर भोगा,
आणि उपेंद्र हसला,
तीन दिवसांत पहिल्यांदा.

तीन दिवस आम्ही तळ्याकाठी.
रात्री दहाला जनरेटर बंद, असा कॅम्पचा नियम,
आणि दहा वाजून पाच मिनिटांनी
आरव्हीचं पत्र्याचं पोट
दिवसभर गिळलेलं ऊन
ओकू लागतं आमच्या अंगावर.

मी अकोल्याची. मला उन्हाचं कुणी सांगू नये.
पण तिथे कूलर होता, अन् मी बावन्न वर्षांची नव्हते.
आता ऊन आतूनही येतं,
मध्यरात्री, मानेच्या मागून, न विचारता.
मी उशी उलटी करते.
उशीची दुसरी बाजू
मिनिटभर गार असते. मिनिटभरच.

हार्डवेअरच्या दुकानात
पंख्यांची एकच रांग, रंगांच्या डब्यांशेजारी.
उपेंद्रने वही काढली.
बत्तीस वर्षं विम्याचे दावे तपासलेला माणूस,
खोक्यावरच्या शब्दावर जात नाही.
'चोवीस तास चालतो', खोकं म्हणतं.
खाली मुंगीच्या अक्षरात : सर्वांत कमी वेगावर.
म्हणजे, मी म्हटलं,
शेजारी बसून कुणी उसासा टाकावा, तेवढ्यावर.

त्याला आवाज नको.
तो नाकावर मुखवटा चढवून झोपतो,
गाडीची बॅटरी रात्रभर ते श्वासाचं यंत्रच पितं.
माझ्या वाट्याला उरतं ते
त्याने वहीत मांडलं
आणि वही जरा कलती धरली.

काउंटरवरच्या ग्रासिएलाने तीन पंखे बाहेर काढले.
डोळे मिटा, म्हणाली. मी मिटले.
पहिला : डास.
दुसरा गळ्यात घालायचा,
घातला, आणि कुणीतरी मला फिरायला नेणार
असं वाटून काढून ठेवला.
तिसरा दिसायला ठेंगणा, काळा, रागीट,
पण त्याने माझा घामेजला केस उचलला कपाळावरून
आणि ग्रासिएलाच्या पावत्या
थेट खिळ्यांच्या पिंपात.

याला बॅटरी वेगळी लागते, ती वाकून पावत्या वेचत म्हणाली.
ड्रिलची चालते.

ड्रिल आहे आमच्याकडे.
निवृत्तीच्या दिवशी घेतलेलं,
शेगडीवर फळी ठोकायला.
अकरा राज्यं झाली, फळी पलंगाखाली आहे,
तिला अजून एक भोक नाही.
रोज संध्याकाळी तो दोन्ही बॅटऱ्या चार्ज करतो,
हिरवा दिवा लागेपर्यंत बघत बसतो.
मी कधी काही बोलले नाही.

'मग फळीचं काय?' त्याने विचारलं.
बघू रे, आहे वेळ, असं तोंडात आलं होतं.
पण त्या गावात उभी होते ना.
'फळी तू लावणार नाहीस,' मी म्हणाले.

ग्रासिएलाला मराठी येत नव्हतं
तरी ती छताकडे बघू लागली.

तो वही मिटून बाहेर गेला.
रागावला, मला वाटलं, आता रात्रभर हे.
आला तेव्हा हातात बॅटरी होती,
उपटलेल्या दाढेसारखी धरलेली.
खट्. बसली.
परत पावत्या उडाल्या.

रात्री पंखा पायथ्याशी, दुसऱ्या वेगावर.
दहा वाजून पाच मिनिटांनी पत्रा ओकू लागला, ओकू दे.
त्याच्या मुखवट्याची नळी वाऱ्याने हलत होती,
आणि मी उशी न उलटता झोपले.

वारा थांबला तेव्हा जाग आली, घामात.
अंधारात तो आधीच उठून बसलेला,
पायथ्याशी चाचपत.
खट्. दुसरी बॅटरी.

'दोन एक्केचाळीस,' मुखवट्यातून म्हणाला,
'म्हणजे चार तास छत्तीस मिनिटं.
खोक्यावर सहा लिहिलंय.'
मी म्हटलं, झोप.
पण तो वही शोधत होता.