सातव्या पानावरचा जावई

साडेनऊची दिग्रस गाडी फाट्यावर थांबायची नाही,
नुसती मंदावायची.
कंडक्टर खिडकीतून गठ्ठा फेकायचा,
मी तो धुळीतून उचलून
पंचफुलाबाईच्या हॉटेलात आणायचो.
अकरा पेपर. दहा गिऱ्हाइकांचे, एक तिचा.

तिला वाचता येत नव्हतं.
पहिलं पान ती बघायचीही नाही.
मंत्री, खून, सरकीचा भाव,
सगळं थेट भज्यांखाली.
सातव्या पानाला मात्र कात्री.
खाली उजव्या कोपऱ्यात तीन चौकटी:
गोल चष्म्याचा एक माणूस, त्याची बायको,
बाहेर तारेवर कावळा.

त्याचं छापील नाव काही निराळं होतं.
गावानं त्याला जावई केलं,
कारण तो कायम बसलेला असायचा
आणि चहा कायम यायचा असायचा.

"वाच," ती म्हणायची, झारा कढईत.
मी तोंडातले फुगे वाचायचो.
लिफ्ट बंद. सिलिंडर खाली, जावई सातव्या मजल्यावर.
आमच्याकडे सगळ्यात उंच म्हणजे पाण्याची टाकी,
तिचीही शिडी अर्धी गंजलेली.
तरी उकंडराव काटेवाले असे हसायचे
की हातातला खर्रा सांडायचा.
"लिफ्ट म्हंजे काय बे?"
हे ते हसून झाल्यावर विचारायचे.

मग कणकेची खळ, आणि चुलीमागची भिंत.
रांगेखाली रांग.
जुन्या रांगा धुरानं चहाच्या रंगाच्या झालेल्या,
नव्यांवर अजून शाईचा वास.
अफसर पेंटर मान तिरकी करून बघायचा.
"चार रेघांत कावळा बसवला यानं.
मी डबाभर रंग लावतो
आन् माझा बैल बकरीसारखा दिसते."

उकंडरावांची बायको गेली त्या साली
दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवेना.
ऊन चढलं. दर्भाचा करून शिववला शेवटी.
येताना सगळे ओल्या डोक्यांनी हॉटेलात टेकले,
कुणी काही मागवलं नाही.
उकंडराव भिंतीकडे बघत होते, बराच वेळ.
"हा तं रोज येते," म्हणाले.
पंचफुलाबाईनं न विचारता चहा ठेवला.

आणि मग माघातली ती सकाळ.
कात्री अर्ध्या कागदात थांबली.
"हे तं झालं बाप्पा मांगं."
मी म्हटलं, आजची तारीख आहे की वर.
तारीख तिला वाचता येत नव्हती, चित्रं येत होती.
तिनं पिठाचं बोट नेमकं चौथ्या रांगेवर ठेवलं:
तोच कप, तोच टवका,
कावळ्याची तीच वर केलेली शेपटी.
दुसऱ्या दिवशी पाचवं. मग सहावं.
आठवडाभर जावई
आम्ही हसून टाकलेलं परत आणत राहिला.

पेपरात कुठं काही छापून आलं नाही.
मी पहिल्या पानापासून शोधलं, निधनवार्तांसकट.
पण नाव माहीत असेल तर सापडणार.
कोपऱ्यातली ती वळवळीत सही
इतक्या वर्षांत मलाही लागली नव्हती.

"चितर काढनारा गेला असन," ती म्हणाली.
तेल धुरावलं तरी भजी सोडली नाहीत.
अफसरनं हातातला ब्रश पायजम्याला पुसला,
तो कोरडाच होता.

दुसऱ्या दिवशी गाडी मंदावली. गठ्ठा पडला.
"वाच."
"भिंतीवर आहे हे, मावशी."
"भिंतीवरचं धुरकटलं. वाच तू."
वाचलं. लिफ्ट बंद, सिलिंडर खाली.
तिसऱ्या चौकटीला मी पोचायच्या आत
उकंडरावांचा खर्रा सांडला होता.

तिनं खळ लावली,
पांढरं नवं, तपकिरी जुन्यावर,
काठाला काठ जुळवून, दाबून.
पण कापताना हात हलला असावा.
सगळं जिथल्या तिथं बसलं,
कावळा तेवढा
बोटभर सरकला.