एक अक्षर कमी

अक्षरामागे साडेचार पौंड घेतो मी,
मोकळ्या जागेचे पैसे लावत नाही.
स्लेट वेल्सची. ओली केली की काळीशार,
वाळली की कबुतराच्या पाठीसारखी.

मिस डॉर्कस वेदरलाइट स्वतःच आल्या होत्या,
सायकल भिंतीला टेकवून, रबरी बूट घालून,
वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी
आपल्याच दगडाचं माप द्यायला.
"स्पेलिंग नीट ऐक, ऑब्री.
'ए' घालायचा नाही."

मी म्हटलं, सगळं गाव घालतं.
चर्चमधल्या पितळी पाटीवर आहे,
तुमच्या वडिलांच्या थडग्यावर आहे,
तो तर माझ्या आजोबांनी कोरलाय,
जरा जास्तच रुंद.

वेदर म्हणजे वादळवारा, लाइट म्हणजे दिवा,
हे त्यांच्या घरात दुधाबरोबर पाजलेलं.
कुणी एक पूर्वज म्हणे बांधावर
रात्रभर कंदील धरून उभा राहिला
आणि अठरा होड्या किनाऱ्याला लागल्या.
(आजोबा अठरा सांगत. वडील तीस.)
खिडकीत तो कंदीलही होता,
बुडाला बर्मिंगहॅमच्या कारखान्याचा शिक्का;
पण पूर्वजांच्या वस्तू
उलट्या करून कोण बघतं?

त्यांनी बघितली.
पोस्टातून निवृत्त झाल्यावर तीन हिवाळे
बसने लिंकनला जात राहिल्या,
दप्तरखान्यात, जिथे शाई चालत नाही, फक्त पेन्सिल.
तिथल्या ग्विलिम नावाच्या पोरानं
करवसुलीची एक गुंडाळी उलगडून दिली,
कड उंदरांनी खाल्लेली,
आणि त्या कडेलाच, जेमतेम वाचलेला:
जॉन, वेदर-लीटचा. चार पेन्स.

हा वेदर 'ए' नसलेला.
म्हणजे खच्ची केलेला मेंढा.
लीट म्हणजे पाण्याचा पाट.
खच्ची मेंढे जिथून पाट ओलांडतात,
तिथं राहणारा जॉन.
कंदील नाही. होड्या नाहीत.
"आणि बघ," त्या म्हणाल्या, "वंश माझ्यापाशी संपतो.
मेंढ्यानं अखेर आपला हिशेब चुकता केला."
हसल्या इतक्या, की माझी छिन्नी घसरली.

'ए' नंतर शिरला.
कुणी नवखा धर्मगुरू, बाप्तिस्म्याची नोंद करताना
दिसलं तसं नव्हे, ऐकलं तसं लिहून गेला.
ऐकायला दोन्ही एकच.
एवढ्याशा, तोंडातून न निघणाऱ्या अक्षरावर
पुढची सगळी घराणी उभी राहिली.

मी विचारलं, मग सायलसचा दगड? तोही बदलायचा?
त्या गप्प झाल्या.
त्रेपन्नच्या जानेवारीत समुद्र आत आला तेव्हा
एकोणीस वर्षांचा त्यांचा भाऊ
खिडकीतला तो कंदील उचलून बाहेर पडला.
आई म्हणाली जाऊ नकोस.
तो म्हणाला, आपलं नाव काय आहे?
प्रिमरोझ लेनवरची दोन पोरं त्यानं छपरावर चढवली.
कंदील चार दिवसांनी सापडला. तो सहाव्या दिवशी.

चुकीच्या नावाला
इतकं खरं कुणी जागलं नसेल.

"त्याचा राहू दे," त्या म्हणाल्या.
"त्यानं कमावलाय तो.
मला मात्र नुसताच मिळाला होता."

मार्चमध्ये गेल्या.
धर्मगुरूनं नाव वाचलं, कुणाला फरक कळला नाही,
कळणार कसा, हवेत दोन्ही सारखेच.
फरक फक्त दगडाला ठाऊक आहे
आणि माझ्या मनगटाला.

आता शेजारी शेजारी उभे आहेत,
बहीण अकरा अक्षरांची, भाऊ बारा.
सुट्टीवर आलेली माणसं वाकून वाचतात,
बोट ठेवून मोजतात,
गवंड्याला लिहिता येत नव्हतं वाटतं, म्हणतात.

एक नाव बुडालं,
आणि लोक मला नावं ठेवतात.
ठेवू देत.

पैसे बाईंनी बारा अक्षरांचे दिले होते.
मी साडेचार पौंड परत करायला गेलो तेव्हा
दार बंद होतं. खिडकीत काही नव्हतं.
पाटापलीकडे मेंढ्या,
एकमेकींच्या मागून,
पाण्यात उतरायच्या आधी थांबलेल्या.