कॉन्चेर्तो, उद्यमनगर

दुकानाचं शटर अर्धं खाली.
उघड्या पडलेल्या ॲम्प्लिफायरांतून वाट काढून
मी तीन स्टुलं मांडलीत.
सोल्डरच्या वासाची सवय करून घ्या,
बाकी काही लागत नाही.

दौलू खोत, टर्नर, नखांत अजून काळं ऑइल.
इंगवले सिस्टर, सीपीआरची दुपारपाळी संपवून.
बाबालाल मुल्लाणी, ज्यांनी एकतीस वर्षं
क्लॅरिनेटवर वराती काढल्या,
राजारामपुरीपासून कसबा बावड्यापर्यंत.
डॉल्बीच्या भिंती आल्यापासून गणवेश ट्रंकेत.
वाद्य मात्र पिशवीत, बरोबरच.

"म्हणजे नक्की काय असतंय?" दौलू.

एक वाजवणारा. त्याच्याभोवती चाळीस जण.
तबलजी सांभाळून घेतो तशी संगत नव्हे ही.
या शब्दाच्या पोटात भांडण आहे म्हणतात,
आणि एकमत पण.
"नवरा-बायको," सिस्टर म्हणाल्या.
साधारण.

बल्ब घालवला, पंखा बंद केला, सीडी लावली.
सुरुवातीला चाळीस जणच बोलतात.
बाबालाल अस्वस्थ. "आपला माणूस कुठाय?"
उभा आहे. ऐकतोय.
"सुपारी घेऊन नुसता उभा?"
तेवढ्यात दौलू अंधारातून:
"लेथ चालू केला की जॉब आधी नुसता फिरतोय.
टूल लांबच ठेवायचं. घाई केली तर टीप उडती.
फिरणं एकसारखं झालं
की मग हळूच टेकवायचं."

आणि टेकलं.
लांब, चकचकीत, न तुटणारा कीस
निघत राहिला सुरांचा.

आता मला बोलायला नको, असं वाटलं.
पण सवय वाईट. बोलतच राहिलो:
हे बघा, त्यांचंच वाक्य त्यानं उचललं,
हे बघा, त्याला ते पटलेलं नाही.
सिस्टरनी मला गप्प केलं,
वॉर्डात नातेवाइकांना करतात तसं.

मग एका जागी ते चाळीस जण
मोठ्या, अर्धवट सुरावटीवर येऊन थांबले,
चप्पल काढताना दारात थांबावं तसे.
मी कुजबुजलो: इथून तो एकटा.
कॅडेन्झा म्हणतात याला. ना ठेका, ना काठी.
मघाचं सगळं उसवायचं आणि आपल्या मनानं शिवायचं.

तो चढला, घसरला, हसला बहुतेक,
एका सुरावर आला,
आणि शांतता.

कुणी हललं नाही.
शांतता फार सुंदर होती.
मीही, ज्यानं ही सीडी दोनशे वेळा ऐकलीय,
मान डोलावली.
पाऊण मिनिट तरी गेलं असेल,
तेव्हा बाबालाल हलकेच म्हणाले,
"लाइट गेलीया."

हसून झाल्यावर सिस्टरनी विचारलं:
"पण ते बाकीचे परत कसे येणार?
त्यांना कसं कळतं, याचं संपलं म्हणून?"
मी सांगणारच होतो.
पिशवीची चेन वाजली.

जिथे तुटला होता, नेमका तोच सूर,
किंचित उतरलेला.
फार नाही वाजवलं. वरातीतल्या दोन जागा,
भैरवीची एक हुलकावणी,
मध्ये श्वास चुकला, खोकले.
मग शेजारशेजारचे दोन सूर, थरथर, थरथर,
शिंकेच्या आधी नाक हुळहुळतं तसे,

आणि दौलूनं पत्र्याच्या कपाटावर थाप दिली.
बरोबर जागेवर.
त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

लाइट पावणेअकराला आली.
मी थेट दुसरा भाग लावला, संथ.
इथे चाळीस जण आवाज इतका खाली घेतात
की वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू यावा.
संपल्यावर बाबालाल बराच वेळ रीड पुसत होते.
"एकतीस वर्षांत," म्हणाले,
"माझ्यासाठी ढोल कुणी हळू केला नाही हो."

तिसरा भाग राहिला. तो जलद असतो, मजेचा.
पण सिस्टरना सकाळी पाळी,
दौलूला गाव गाठायचं, शेवटची वडाप.
पुढच्या गुरुवारी, मी म्हटलं,
आणि शटर वर केलं.
त्याचा केवढा आवाज झाला.