नावाडी, अंक चौथा

खेळात त्याला एकच वाक्य आहे:
"पाणी चढलंय, उद्या या."
शंभरदा बटण दाबा, शंभरदा तेच.
त्याच्या खोपटाचं दार नुसतं रंगवलेलं;
तलवारीनं ठोका, मंत्रानं जाळा,
ढिम्म हलत नाही.

आता चार अंकांचं कॉमिक निघतंय,
आणि ताम्पेरेत, दुपारी तीनलाच अंधारलेल्या खोलीत
आइला त्याला चितारते आहे.
कंपनी कळवते: पट्ट्याला बकलं तीन हवीत, दोन नकोत.
ती तिसरं काढते. शिवी हासडते दातांआडून.

मी, यॉर्मा, फक्त अक्षरं भरतो.
फुगे माझे, फुग्यांच्या शेपट्या माझ्या,
ड्रॅगन कोसळतो तेव्हाचा धडाम
तोही माझाच.

चौथा अंक, पान सतरा.
राजकन्या पैलतीरी निघून गेलीय
आणि चौकटीत उरलाय तो एकटा.
आइलानं दार उघडलं.
आत काय, ते खेळ रचणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं:
एक चूल. वर दोरीला वाळत घातलेले मोजे,
दोन मोठे,
एक इवलासा.

"हा धाकटा कुणाचा?"
ती ब्रश धूत राहिली, पाणी काळं होईतो.
मग म्हणाली,
"पाणी कधी चढलं होतं
हे कुणी विचारलंच नाही त्याला."

त्या चौकटीला संहितेत एक फुगा होता.
मी तो काढून टाकला.
कंपनीचं अजून काही उत्तर नाही.
बकलं मात्र तीन आहेत,
मोजून घ्या.