बॉनेट

गाडी रात्रभर थंड होऊ दिली.
सकाळी बॉनेट उघडलं, आधी मायनसची वायर सोडवली.
हा क्रम जलालचाचांचा,
हर्णैच्या बंदरात ट्रॉलरचं इंजिन उघडताना सांगितलेला.

बॅटरीच्या टोकांवर निळसर पांढरं पीठ.
घर खाडीपासून दोन वळणं आत, तरी
समुद्र इथवर येतो.

अल्टरनेटरला जाड पिशवी गुंडाळली,
फ्यूजच्या डब्याला दुधाची.
सोडा कालवला, जुना टूथब्रश घेतला.
तोडणकर गडग्यावरून म्हणाले,
'पाइप लाव गो, पाच मिनिटांचं काम!'
मी नुसती हसले.
इथं पाणी फडक्यानं न्यायचं असतं,
फडक्यानंच परत आणायचं.

वायपरखालच्या जाळीत सुरूच्या सुया,
आणि फिल्टरमागे उंदराचं घर:
काथ्या, निळ्या जाळ्याचा दोरा,
कुरतडलेली पावती. अजून वाचता येते.
सुरमई, साडेतीन किलो.
एवढे जण आपण कधी होतो जेवायला?

घर उचललं. रिकामं होतं.
वायरी बोटांनी चाचपल्या, एकेक, शाबूत.
टोकांना व्हॅसलीन. पिशव्या सोडल्या, मोजून दोन.
मायनस शेवटी.

ओल वाळेस्तोवर बॉनेट उघडंच ठेवलंय,
गाडी मात्र वळवून,
खाडीकडे पाठ.