ठाव

सव्वीस उन्हाळे आम्ही इथं पाहुणे होतो.
जुलैतले दोन आठवडे, तेच लाल लाकडी घर,
तीच गळकी होडी.
भाड्याच्या कागदावर सामानाची यादी असायची:
चमचे सहा, उशा चार, वल्ही दोन.
तळ्याचा उल्लेख नसायचा. ते धरलेलंच असायचं.

रात्री दहालाही ऊन.
ओइवा धक्क्यावर बसून मासे साफ करायचा
आणि दर वर्षी तेच म्हणायचा,
“हिल्का, ट्राम सोडलीस की इथंच.”
मी म्हणायची, “बघू.”
एकतीस वर्षं हेलसिंकीत ट्राम हाकलेल्या बाईला
रूळ नसलेल्या जागेची जरा धास्तीच वाटते.

घर घेतलं ते मी एकटीनं.
कागदावर दोन सह्यांची जागा होती.
कारकुनानं दुसरी रेघ पट्टी लावून खोडली,
न विचारता,
फार सरळ.

सप्टेंबरात होड्या पालथ्या झाल्या.
ऑक्टोबरात दुकानावर पाटी: मे महिन्यात भेटू.
नोव्हेंबरात तळंच गेलं.
दुपारी साडेतीनला अंधार,
आणि ज्या खिडकीसाठी पैसे मोजले
तिच्यात माझंच तोंड,
मागं लोंबता दिवा.

चिडले मी ओइवावर.
मेलेल्या माणसावर चिडायला इथं सवड भरपूर.
जुलै दाखवलास,
आणि नोव्हेंबर गळ्यात मारलास.

पलीकडच्या काठाला तौनो राहतो.
वय शहात्तर, दोन बोटं करवतीनं नेलेली.
एका सकाळी आला, हातातल्या पिशवीत
बोटाएवढे मुइक्कू मासे.
रामराम नाही की काही नाही. म्हणाला,
“तुझा पंप गोठणार.”
गुरुवारी पंप गोठला.

मग त्यानं शिकवलं:
कुऱ्हाड तिरकी धर, पाय फाकवून उभी राहा.
चार बोटं बर्फ माणूस पेलतो,
ट्रॅक्टरला दोन वीत हवा.
त्या खडकाजवळ मात्र जायचं नाही,
खाली झरा आहे, तिथला बर्फ खोटा.
“तिथंच तुम्ही पोहायचात,” तो म्हणाला,
कुऱ्हाडीचं पातं पुसत.
“दिसायचं माझ्या खिडकीतून.
तो आधी उडी मारायचा. तू आधी पाय बुडवायचीस,
मग पुष्कळ वेळ नुसती उभी.”

मला वाटायचं, पाहुणे म्हणजे पाहणारे.
आम्हालाच कुणी पाहून ठेवलं होतं,
आणि इतकी वर्षं बोललं नव्हतं.

तो गेल्यावर दोरीला दगड बांधून
मी भोकातून खाली सोडली.
तीन वाव. पाच. हातमोज्यातून गारठा चढत गेला.
नवव्या वावाला दगड टेकला,
मऊ, गाळात टेकतो तसा.
सव्वीस उन्हाळे वरवर तरंगलो,
ठाव कधी विचारलाच नव्हता.

रात्री बर्फ वाजतो.
या काठावरून त्या काठाला
लांबलचक कण्हत जातो आवाज,
वळणावर लोखंड लोखंडाला घासतं तसा.
पहिल्या रात्री दचकून उठले
तेव्हा माझा पाय ब्रेक शोधत होता.
आता पडल्यापडल्या ऐकते.
डेपोकडे चाललीय, रिकामी. जाऊ दे.

जूनअखेर शेजारच्या घरी भाडेकरू आले,
कुठलंसं परदेशी जोडपं, नवी टोपी, नवे बूट.
कुंपणापाशी त्यानं मोडक्या फिनिशमध्ये विचारलं,
“हिवाळ्यात तुम्ही करता काय?”
“पाणी आणते,” मी म्हणाले.
तो हसला. आपलीच भाषा चुकली असं वाटलं असावं,
कारण तळं तर पायरीशी होतं, एवढं थोरलं.

संध्याकाळी दोघं धक्क्यावर गेली.
बायको आधी उडी मारणारी निघाली.
तो पाण्यात एक अंगठा घालून
बराच वेळ उभा.

पाहून ठेवलं मी.