मागच्या चोवीस तासांत

माझ्या पिशवीत तीन मापांच्या वाट्या, दोन चमचे,
एक डाव, एक पेला आणि वजनकाटा.
वाट्यांच्या बुडाला नंबर कोरलेले.
खारघरच्या कॉलेजने सही घेऊन दिल्यात,
हरवल्या तर भरून द्यायच्या.

तुर्भे स्टोअरच्या चढावर, खाणीच्या अंगाला,
यल्लव्वा विटकर, वय बेचाळीस
(आधार कार्डाच्या मते एक्कावन्न),
दारात बसून पोटऱ्या चोळत होती.
दाणाबंदरात डाळ चाळायला जाते,
सकाळी सात ते दिवे लागेपर्यंत.
मी फॉर्मवर 'जड काम'पुढे खूण केली.
जड काम करणाऱ्या बाईला दिवसाला
दोन हजार सातशे वीस कॅलरी,
शेहेचाळीस ग्रॅम प्रथिनं,
एकोणतीस मिलिग्रॅम लोह.
तक्ता मला झोपेतही पाठ आहे.

"काल उठल्यापासून काय काय खाल्लंत?"
"काल मंगळवार. भात केला, आमटी केली,
धाकट्याला अंडं तळून..."
"केलंत ते नको. खाल्लंत ते."
ती थांबली.
आधीच्या एकोणीस घरांतही बायका
इथेच थांबल्या होत्या.
चुलीवरचं तोंडपाठ असतं,
स्वतःचं ताट आठवायला लागतं.

"भाकरी किती?"
"राहिली ती."
रकान्यात एक, दोन, तीन, चार छापलेत.
'राहिली ती' याला कोड नाही.

"बरं, डाळ?"
आता ती हसली, हसता हसता खोकली.
"डाळ तर रोज. दोन-दोनशे किलो!"
चाळणी, खडे, चुरा, परत चाळणी.
बोटांच्या पेरांत बसलेली पिवळी पूड
तिने मला उजेडात धरून दाखवली.
"तसं नाही मावशी, पोटात किती?"
मी मधली वाटी पुढे केली.
डाळ होती डब्यात. पण दाखवायला
डाळ कशाला हाताळायची, म्हणून
तिने वाटीत पाणी ओतलं,
बोट टेकवून म्हणाली, इथवर.
मग जरा आठवून
त्यातलं निम्मं परत हंड्यात ओतलं.
"काल सासरा आला होता."

"चपला काढा. सरळ उभ्या राहा. समोर बघा."
एकोणचाळीस किलो सातशे.
"म्हंजे कट्ट्याला दहा किलो कमी,"
काट्यावरून उतरत ती बोलली,
"असला माल शेठ परत धाडतो."

शेवटच्या पानावर सल्ला असतो, तो द्यावाच लागतो.
पालेभाजी, नाचणी, मोड आलेली कडधान्यं.
जेवणावर लिंबू पिळा, लोह अंगी लागतं.
जेवल्याजेवल्या चहा टाळा.
लिंबाला तिने मान हलवली:
भाजी मार्केटच्या मागे संध्याकाळी
दबलेली लिंबं पडून असतात.
चहाला मात्र नाही.
"चहा सोडला की भूक लागते गं."

मग माझ्याच पेनकडे बोट करून,
"आन तू? तू काय खाल्लंस काल?"

वेफर्सचं पाकीट. कॉफी, कॉफी.
मेसची खिचडी, अर्धी सिंकमध्ये.
कुणी पाहुणा आला नव्हता माझ्याकडे.
मी म्हटलं, जेवले की, नीट जेवले.
"दिसतंय," ती म्हणाली, आत गेली,
आणि मूठभर भाजके शेंगदाणे
माझ्या ओढणीच्या टोकात टाकले.
फॉर्मच्या नियमांत हे बसत नाही.
चढ उतरेपर्यंत मला नाही म्हणणं सुचलं नाही.

बसस्टॉपवर ते लहान वाटीत ओतून पाहिले.
सवयच लागलीय.
काठाला बोटभर कमी. पस्तीस ग्रॅम धरू,
प्रथिनं नऊच्या आसपास.
तिच्या सबंध मंगळवारपुढे
मी सव्वीस लिहिले होते.
हे मंगळवारचे नाहीत, बुधवारचे.
आणि खातेय मी.
तरी पेन्सिल काढून बराच वेळ
वजा करायला जागा शोधत बसले.

सानपाड्याची बस आली.
वाटी पुसली, नंबर बघितला,
पिशवीत ठेवली.